तिसरा पुकारा

लिहा म्हणून नात पाठीस लागलीय. अगं बये, मी चौथी नापास माणूस, गास गावात भाजीच्या वाफ्यांत जन्म गेला, मला कसलं लिहायला बसवतेस! पण सेटवरचे किस्से म्हणजे शेतातलं तण. एक उपटावं तर चार वर येतात. शिवाय तिथून मला लबाड म्हणून हाकललंय. तेव्हा खरं काय ते सांगूनच टाकतो.

कामणच्या एका गोडाऊनमध्ये फॅमिली कोर्टाचा सेट होता. सिरियल अशी की बाई जज्ज, नवरा सोडून गेलेला, एकटी पोर वाढवते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या संसाराचे निकाल लावते. मी कोर्टाचा पट्टेवाला. दारात उभं राहून नाव पुकारायचं, बस्स. गळा बघून घेतलं मला, तोंड बघून नाही!

*

तिथे कायम सकाळच. खोट्या खिडक्या, त्यांच्यामागे मोठे लाइट. एकदा कुलूप काढून सेट उघडला तर जज्जची खुर्ची कोमट. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

डायरेक्टर मंदार हसला. "काका, मांजर बसली असेल."

"मग मांजरीनं बाहेरून कुलूप कसं लावलं?"

त्या दिवशी मंदार स्वतः काही त्या खुर्चीत टेकला नाही!

*

एकदा लंच ब्रेकला एक बाई आत शिरली आणि सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. "नवऱ्यानं माजा पोरगा नेलाय. मना परत द्या."

जज्जचं काम करणाऱ्या मॅडम काळ्या कोटात डबा खात होत्या. म्हणाल्या, "अहो, मी खरी जज्ज नाही."

"टीव्हीवर रोज न्याय देता, मंग मनाच का नाय?"

मॅडमनी डबा बाजूला ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग हातोडा आपटला. "मूल आईकडे."

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन आली. नवरा पोराला दारात सोडून गेला होता. म्हणाला म्हणे, "कोर्टाचा निकाल लागला ना!"

त्याला कोणी सांगितलं? ती म्हणाली, मी तर नाय सांगितला.

*

आता माझ्या कामाची गोष्ट. कोर्टात पुकारा तीनदा होतो. मी दोनदाच द्यायचो. आमची आई सांगायची, दोन हाका जिवंत माणसाच्या. तिसरीला कोण ओ देईल, भरवसा नाही.

साउंडवाला जोसेफ पापडी गावचा. तो म्हणाला, "आबा, घाबरू नका. तिसरा मी पहिल्याच्याच रेकॉर्डिंगवरून चिकटवतो." वर्षभर असंच चाललं, कोणाला पत्ता नाही!

मग जज्जचा पळालेला नवरा कोर्टात पोर मागायला येतो, तो एपिसोड आला. लेखकाला नवऱ्याचं नाव सुचेना. मॅडमच म्हणाल्या, "सतीश माधव ठेवा."

नेमकं त्या दिवशी मंदारच्या लक्षात आलं. "काका, तिसरा कुठंय?"

"तो जोसेफ लावतो."

"आज मोठा सीन आहे. तिन्ही लाइव्ह पाहिजेत. नाहीतर उद्यापासून दुसरा पट्टेवाला!"

दिला मग. सतीश माधव, हाजिर हो! सतीश माधव, हाजिर हो! आणि तिसरा देताना माझाच गळा मला परका वाटला.

बंद शटरच्या बाहेरून आवाज आला, "आलो!"

नवऱ्याचं काम करणारा नट तर माझ्या शेजारी उभा होता, तोंड मिटून. जोसेफनं शटर वर केलं. बाहेर रिकामं आवार, ऊन रणरणतंय.

मंदार सगळ्यांसमोर ओरडला, "गावातला कोणी बेवडा उभा केलात ना बाहेर? लबाड म्हातारा!" तिथेच पट्टा उतरवून घेतला माझा. पन्नास माणसं बघत होती. मॅडम तेवढ्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या शटरकडे बघत होत्या.

आवाज झकास म्हणून मंदारनं एपिसोडमध्ये तो तसाच ठेवला. एपिसोड लागला त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांचा खरा नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. त्याचं नाव सतीश, हे सेटवर कोणालाच माहीत नव्हतं.

"आबा, एपिसोड लागला होता. मुलगी चित्र रंगवत बसली होती, टीव्हीकडे पाठ करून. मान वर न करता म्हणाली, मम्मी, दार उघड, पप्पा आले."

मी विचारलं, "मग?"

"मग बेल वाजली," मॅडम म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी लबाड नाही. मंदार, माफी तुझ्याकडून यायची आहे अजून.