दादाची गाडी सुरू होत नव्हती

दादा गेला तेव्हा मला काही वाटलं नाही. आजही खोटं सांगणार नाही. तो बोटीवर कामाला होता, बोटीवरच हृदय बंद पडून गेला आणि घरी त्याची पेटी आली. लोक माझ्या गळ्यात पडून रडले. मी त्यांना चहा दिला.

अंगणात त्याची गाडी उभी होती. परदेशी बंदरांवर त्याने चाकांवरची घरं पाहिली होती आणि रत्नागिरीत येऊन एका जुन्या डिझेल व्हॅनचं तसंच घर केलं होतं. आत झोपायला फळी, स्टोव्हला कट्टा, पाण्याचं पिंप. सुट्टीवर आला की वहिनीला घेऊन गणपतीपुळ्याला जायचा, समुद्राकडेला मुक्काम ठोकायचा. तिला गाडी चालवायलाही त्यानेच शिकवलं. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा मेल्यांनो."

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. गणपतीपुळ्याला गाडी लावते, तिथेच राहते, देवाला येणाऱ्यांना जेवण करून घालते. तिला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. आमच्या घरात तिला कुणी छळत नव्हतं, पण ती आली की सगळे आवाज बारीक करायचे. तसं किती दिवस जगायचं?

वडिलांमागे घरात काकांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "अगो, ती किल्लीनं सुरू तरी होते काय? पाणी भरायला, बाजार करायला रोज गाडी हलणार. रोज धक्का मारायला कोण येणार तिकडं? शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर सुरू झाली तर घेऊन जा. नायतर विषय संपला."

माझं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, नुकते टीव्हीही यायला लागले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वायर म्हटली की आमच्या घरात मीच.

किल्ली फिरवली की बॉनेटखाली टक् व्हायचं. बस, एवढंच. आतला दिवा एरवी नीट लागायचा, किल्ली फिरवली की मलूल व्हायचा. बॅटरी उतरली असणार म्हणून ती चार्जिंगला नेली, आणून बसवली. टक्. मग स्टार्टर खाली उतरवला, त्यातले कार्बन साफ केले, परत चढवला. टक्. काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. "आटोपलं काय रे?" म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पाना भिरकावला तो थेट अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, आणि मग मलाच जाऊन शोधावा लागला. राग तेवढा यायचा. बाकी काही आत पोचतच नव्हतं.

वहिनी पायरीवर बसून असायची. "भावोजी, होईल ना?"

"बघू." दुसरं काय सांगणार, कपाळ?

शनिवारी सकाळी टेस्ट लॅम्प काढला. छोटा दिवा आणि त्याला दोन वायरी. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला. बॅटरी आणि पत्रा हे दोन्ही अर्थिंगच्या जाड वायरनं जोडलेले असतात, तेव्हा तिथे दिवा लागायचं कारणच नाही. वहिनीला किल्ली फिरवायला सांगितली. दिवा लागला, चांगला लख्ख लागला. म्हणजे अर्थिंगच धरत नव्हतं. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठणठणीत, आणि मी बसलो होतो कार्बन घासत!

वायर तर नवी होती. दादाने शेवटच्या खेपेला, खंडेनवमीच्या दिवशी बसवलेली. मी पत्र्याकडचा बोल्ट सोडवला. वायरीच्या टोकाची कडी आणि पत्रा यांच्यामध्ये कुंकवाचा थर होता, गंजात कालवलेला, आणि त्यात दोन अक्षता. आमच्याकडे नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. दादाने कडीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नारळाचं पाणी शिंपडलं आणि त्याच्यावरच बोल्ट आवळला. जग हिंडून आलेला माणूस, काय म्हणावं याला! तेव्हा गाडी चालली. मग पावसाळाभर उभी राहिली आणि आतून गंज चढला.

पॉलिशपेपर माझ्या हातात होता. हात पुढे होईना.

"काय झालं?" म्हणत वहिनी खाली उतरली. वाकून बघत राहिली. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी येऊन थांबला आणि काका उठून तिकडे गेले.

"वहिनी, दादाच्या हातचं आहे," मी म्हटलं. "घासू ना?"

"माझं पुसलं तेव्हा कुणी विचारलं होतं?"

तिने पॉलिशपेपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच घासायला लागली. कडी चकचकीत झाली, पत्रा उघडा पडला. मी बोल्ट आवळला.

किल्लीही तिनेच फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं, आत भांडी वाजायला लागली. टेम्पोवाला रिकामाच परत फिरला. वहिनीने गाडी बंद केली. परत सुरू केली. परत बंद, परत सुरू.

"अगो, बॅटरी उतरंल!" काका ओरडले. ती कुठली ऐकते! रडत होती आणि किल्ली फिरवत होती.

मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. मनात एवढंच आलं, त्या दोन अक्षता आधी काढून ठेवायला हव्या होत्या. मी गाडीखाली शिरलो आणि मातीत ते तांदूळ शोधायला लागलो.