आठ पोरांच्या वर्गात कार्डं कशाला?

“मॅडम, आधी तो मोबाईल पर्समध्ये ठेवा,” केंद्रप्रमुख दारातूनच म्हणाले. मी ठेवला नाही.

केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. दिघोरीजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत ते क्वचितच फिरकतात. त्या दिवशी आले ते तक्रारीवरून. तक्रार करणारे प्रकाशभाऊ, पाचवीतल्या सोनालीचे वडील, त्यांच्या मागेच उभे होते.

“मॅडम वर्गात मोबाईल चालवून राहिल्या. असंच असन तर मी पोरीले लाखांदूरच्या कॉन्व्हेंटात टाकतो,” असं ते गावभर सांगत होते. पाचवीत मुलं आठ. सोनाली गेली की आणखी दोघं जाणार, मग पटसंख्येचं निमित्त काढून वर्गाला टाळं. मला राग आला होता.

मोबाईल माझाच, काम शाळेचं. प्रत्येक मुलाकडे त्याची वेगळी खूण छापलेलं एक जाड कार्ड. चार कडांवर अ, ब, क, ड. उत्तराची कड वर धरायची. मी मोबाईल वर्गावरून फिरवते, कॅमेरा कार्डं वाचतो आणि नावापुढे बरोबर हिरवं, चूक लाल दिसतं. प्रत्येक कार्डावर अक्षरांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे शेजाऱ्याकडे डोकावून फायदा नाही.

“आठ पोरांना कार्डं कशाला? तोंडी विचारा की,” म्हणत साहेबांनी स्वतःच विचारलं, “शून्य पूर्णांक पाच दशांश मोठा की शून्य पूर्णांक पंचवीस शतांश?”

मयूर ओरडला, “पाच!” मागोमाग सगळे, “पाच!”

“समजलं ना सगळ्यांना?”

“हो सर!”

“बघा,” साहेब खूश झाले.

“आता माझा प्रश्न,” मी म्हणाले आणि फळ्यावर ‘अ’ समोर ०.७ आणि ‘ब’ समोर ०.१५ लिहिलं. “मोठं कोणतं? बोलायचं नाही. कार्ड वर.”

मोबाईल फिरवला. मयूर आणि आणखी एक हिरवा. बाकी सगळे लाल. पंधरा साताहून मोठे, एवढंच त्यांना दिसलं होतं.

साहेबांचा चेहरा उतरला. “हे कोणाला दाखवू नका. शाळेचं नाव खराब होतं. आणि ही कार्डं बंद करा.”

“लेखी द्या, सर. तोवर चालू राहतील.”

प्रकाशभाऊंनी सोनालीच्या नावापुढचं लाल पाहिलं. “घरी त म्हनते, सारं समजते.”

सोनाली मान खाली घालून म्हणाली, “सारेच हो म्हनतेत, बाबा. मले एकटीले नाही कसं म्हनता येईन?”

 प्रकाशभाऊ साहेबांकडे वळून म्हणाले, “कॉन्व्हेंटात बी पोरगी हो-होच करन. तिथं कोनाले समजन? राहू द्या मोबाईल.”

लेखी आदेश आजवर आलेला नाही. सोनाली आमच्याच वर्गात आहे आणि दशांशात आता हिरवी आहे. मी मात्र एक गोष्ट बंद केली. “समजलं का?” असं वर्गाला विचारत नाही.