आजींचे गुडघे आणि माझं आमेन

माझ्या एका प्रार्थनेमुळे युगांडातल्या सत्तर वर्षांच्या एका आजींना दोन दिवस काठी घेऊन चालावं लागलं.

आमच्या घराण्यात प्रार्थना लांबच. वडील नगरकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत पाळक होते. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटले की आमटीवर साय धरायची. (आई भाकरी त्यांच्या आमेननंतरच टाकायची.) हा वारसा मी इमानाने इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आणला. ऑफिसात माझी ईमेल दोन ओळींची असते, पण देवाशी बोलायला लागलो की मला आवरत नाही.

दोन वर्षांपूर्वी चर्चतर्फे मी, बायको सुनीता आणि पंधरा वर्षांची मुलगी रिबेका युगांडातल्या एका खेड्यात शाळा रंगवायला गेलो. मुक्काम जोसेफ मास्तरांच्या घरी होता. निघताना चर्चमधल्या बाईंनी एकच बजावलं होतं, ‘यजमानांचा अपमान होईल असं काही करू नका.’

‘आम्हाला काय सांगता?’ मी म्हणालो. ‘पाहुणचार आमच्या रक्तात आहे.’

अंगणात पोचलो तर माझ्यासाठी चटईवर खुर्ची मांडलेली. मास्तरांच्या आई हळूहळू आल्या, माझ्यासमोर दोन्ही गुडघे टेकले आणि मान लववून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. आता आमच्या घरात कुणी गुडघे टेकले की त्याचा अर्थ एकच. मी भारावलो. केवढी श्रद्धाळू माउली, आल्या आल्या प्रार्थना मागतेय! मीही गुडघे टेकले, डोळे मिटले आणि विमानापासून सुरुवात केली.

विमान, पायलट, शाळा, रंगाचे डबे, सगळं झालं. मग मी आफ्रिकेतला एकेक देश घेतला. वरून खाली. इजिप्तवर असताना रिबेकाने माझी बाही ओढली.

‘बाबा, थांब ना. त्या आजींचा पाय थरथरतोय.’

मला वाटलं, पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. मी आवाज चढवला.

‘अहो, आटपा,’ सुनीता कुजबुजली. ‘त्या पडतील आता.’

मी एक डोळा उघडला. आजींच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले, एक हात जमिनीला टेकलेला. माझ्या गुडघ्यांखाली चटई होती, त्यांच्या गुडघ्यांखाली खडे. मास्तर हातातली टोपी पिळत उभे होते. मी सुदानमध्येच आमेन म्हणून टाकलं. तरी आजी उठेनात.

‘मास्तर, त्या उठत का नाहीत?’

‘आमच्याकडे बायका गुडघे टेकून पाहुण्याची विचारपूस करतात,’ मास्तर हळूच म्हणाले. ‘तुमचा प्रवास कसा झाला, असं आई विचारतेय. तुम्ही उत्तर दिलंत की उठेल. गुडघ्यांचं दुखणं आहे तिला.’

‘अहो, मग मला थांबवायचं ना!’

‘पाहुण्याला प्रार्थनेत थांबवणं म्हणजे अपमान.’

‘प्रवास छान झाला,’ मी म्हणालो. हवे होते ते एवढे तीनच शब्द. मग चौघांनी धरून त्यांना उठवलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे दोन दिवस त्या काठी टेकत समोर आल्या की रिवाजाप्रमाणे वाकायला लागायच्या, आणि मी हातातला ब्रश टाकून लांबूनच ओरडायचो, ‘प्रवास छान झाला, आजी!’

यंदा जानेवारीत मास्तर कसल्याशा ट्रेनिंगसाठी मँचेस्टरला आले आणि तिथून ट्रेनने आमच्याकडे. त्याच आठवड्यात मी बर्फावरून घसरून गुडघा सुजवून घेतला होता. बेल वाजली तेव्हा मी दाराशी कसाबसा गुडघ्यांवर बसून, दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडलेली पत्रं गोळा करत होतो. तसाच हात वर करून दार उघडलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरची पद्धत त्यांच्या चांगलीच लक्षात होती. त्यांनी बॅग खाली ठेवली, भर पावसात पायरीवर गुडघे टेकले, डोळे मिटले आणि विमानापासून सुरुवात केली.

‘अहो, उठा ना,’ सुनीता मागून म्हणाली. ‘गुडघा बघा तुमचा.’

‘कसा उठू?’ मी कुजबुजलो. ‘पाहुण्याची प्रार्थना चालू आहे.’

ते मँचेस्टरच्या ट्रेनपर्यंत आले तेव्हा माझा पाय थरथरायला लागला. मास्तरांनी एक डोळा उघडून तो पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि आवाज चढवला.