पाय आधी

सीटी स्कॅनच्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या त्या तंत्रज्ञाला सगळं हॉस्पिटल मास्तर म्हणायचं. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण शहरातल्या निम्म्या स्कॅन सेंटरांतली मंडळी त्यांच्याच हाताखाली, त्यांचीच बोलणी खाऊन तयार झाली होती. मास्तर नाकावर माशी बसू देणारे नव्हेत. पेशंटशी मात्र आवाज एकदम मऊ. मशीनच्या त्या गोल भोकात डोकं घालायचं म्हटलं की काहींची गाळण उडते. अशांना मास्तर सांगत, "अहो, डोकं राहू द्या बाहेर. पाय आधी घालू. पाय काय, बिचारे कुठेही जातात."

आता पेशंट डोक्याकडून आत जातोय की पायांकडून, हे मशीनला स्कॅनच्या आधी सांगायचं असतं. मास्तर ते आधी सांगायचेच नाहीत. स्कॅन उरकायचे आणि मग कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये दुरुस्ती करायचे. दोन मिनिटं वाचायची, घाबरलेला माणूस लवकर सुटायचा. कुठल्याही पुस्तकात नसलेली ही त्यांची स्वतःची युक्ती. एकोणीस जणांना त्यांनी ती शिकवली होती, आणि तीही चांगल्या तोऱ्यात.

एका मंगळवारी सकाळी सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं. असली पत्रं वाचतो कोण? सही करायची, फाइलला लावायची, मोकळं व्हायचं. मास्तर वाचायचे, कारण दुसऱ्याच्या चुका वाचायला त्यांना भारी आवडायचं. पत्र अगदी गुळमुळीत होतं. सहा महिन्यांपूर्वी दिलेली आवृत्ती कंपनी परत घेत होती. पेशंटच्या स्थितीची नोंद स्कॅननंतर बदलली, तर क्वचित चित्रात डावं-उजवं उलटं दिसू शकतं. नेहमीच्या पद्धतीने काम करणाऱ्यांना मात्र काही धोका नाही.

मास्तरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. नोंद स्कॅननंतर बदलायची, हीच तर त्यांची युक्ती!

पोटाच्या स्कॅनची त्यांना एवढी धास्ती नव्हती. यकृत भलत्या बाजूला दिसलं तर कुठलाही डॉक्टर बोंब ठोकेल. पण पाय? दोन्ही पाय सारखेच! त्यांनी रजिस्टर ओढलं आणि सहा महिन्यांतले नुसत्या पायांचे स्कॅन बोटाने शोधले. सत्तावीस निघाले. त्यातली एक शिवणकाम करणारी बाई. दोन्ही पाय दुखतात म्हणून आली होती, मशीन बघून थरथर कापत होती. डाव्या मांडीतली रक्तवाहिनी तुंबल्याचं निदान झालं होतं. ऑपरेशन आजच, दहा वाजता.

साडेनऊ वाजून गेले होते. लिफ्टची वाट कोण बघतो! मास्तर तीन मजले जिन्याने चढले आणि धापा टाकत ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सर्जनबाईंना गाठलं.

"मॅडम, थांबा. चित्र उलटं असेल."

"असेल म्हणजे? खात्री आहे तुमची?"

"नाही. म्हणून तर पळत आलो."

सर्जनबाई वैतागल्या, पण थांबल्या. बाईला स्ट्रेचरवरूनच खाली स्कॅनच्या खोलीत आणलं. तिच्या डाव्या मांडीवर शाईने खूण केलेली होती. या वेळी मास्तरांनी मशीनला सगळं आधी सांगितलं आणि मग स्कॅन केला. तुंबलेली वाहिनी उजवीकडे निघाली.

"मला वाटतच होतं हो," बाई म्हणाली. "उजवाच जास्त दुखतो. पण म्हटलं, मशीनला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. गप्प बसले."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. स्वतःचा इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता.

विभागाच्या प्रमुखांचा जीव भांड्यात पडला. दार लोटून घेत ते म्हणाले, "सुटलो, मास्तर. कंपनीने चूक कबूल केलीच आहे. उरलेले सव्वीस आपण गुपचूप तपासू. तुमच्या त्या युक्तीचं नाव काढू नका. वर्षभरात निवृत्त होताय, कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"आणि बाकीची सेंटरं?"

"त्यांनाही पत्र गेलंय की!"

"पत्रात लिहिलंय, नेहमीच्या पद्धतीत धोका नाही. अहो, त्यांची नेहमीची पद्धत म्हणजे मी शिकवलेली! ते हसतील आणि सरळ फाइलला लावतील."

मास्तरांनी तिथलाच फोन उचलला आणि पहिला नंबर लावला तो त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीचा. ती आता एका मोठ्या सेंटरची मुख्य होती.

"पत्र आलं सर, सकाळीच," ती म्हणाली. "आपल्याला काही नाही. आम्ही अजून तुमच्याच पद्धतीने करतो."

"तेच सांगायला फोन केलाय. ती पद्धत चूक आहे. मी तुला चुकीचं शिकवलं. पायांचे सगळे स्कॅन काढ, आज कुणाचं ऑपरेशन आहे का ते आधी बघ."

पलीकडे तिने कुणाला तरी रजिस्टर आणायला सांगितलं.

"सर," ती म्हणाली, आवाज पार उतरला होता, "मी पुढे चौतीस जणांना शिकवलंय."

मास्तरांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला.

"नावं सांग," ते म्हणाले. "हळूहळू सांग, मी लिहून घेतो."