शेवटचा रकाना

आमच्या शास्त्राच्या बाईंना वेळ विचारली तर म्हणायच्या, "साडेदहा. माझं घड्याळ दोन मिनिटं इकडंतिकडं असतं हं." शेवगावच्या आमच्या शाळेत सगळे यावर हसायचे. मीही हसायचे.

प्रयोगवहीत त्या शेवटी एक जादा रकाना आखायला लावायच्या: 'किती चुकलं असेल?' मी एकदा तिथं ठसक्यात शून्य लिहिलं. बाई दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "देव झालीस काय गं?"

नववीत प्रयोगशाळेतला काचेचा लोलक हरवला. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मला कपाटाजवळ पाहिलं, असं खुद्द बाईंनीच सांगितलं. मी कपाटाकडं फिरकलेही नव्हते. मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावलं आणि उद्या दाखला घेऊन जा म्हणाले. वडील खाली मान घालून मला म्हणाले, "शाळा बास झाली आता. चल आमच्यासंगं ऊसतोडीला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, "परवा माझी साडी कोणत्या रंगाची होती? लिहा." कुणी हिरवी लिहिली, कुणी निळी. बाईंनी स्वतः फळ्यावर 'हिरवी' लिहिलं. मग मोबाईलवर त्याच दिवशीचा शाळेचा फोटो उघडला. साडी पिवळी होती.

बाई तडक मुख्याध्यापकांकडं गेल्या. मला आणि वडिलांना समोर उभं करून म्हणाल्या, "सर, माझी साक्ष मी मागं घेते. हिला पाहिल्याची मला खात्री होती. पण खात्री मला साडीचीही होती."

दाखला टळला. मी रडत विचारलं, "म्हणजे मी घेतला न्हाई, हे पटलं ना बाई?"

"ते मला माहीत नाही. घेतलास असं म्हणायला मात्र माझ्याकडं काही नाही."

तेव्हा फार राग आला होता. लोलक कधीच सापडला नाही. आज मी सावेडीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. शंका आली की नमुना पुन्हा लावते, आणि हे कुणी शिकवलं ते सगळ्यांना अभिमानानं सांगते.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर मी ही हकीकत सांगितली, तर वर्गातली मैत्रीण म्हणाली, "फोटोत निळी होती गं. पिवळी तू लिहिलेलीस."

डोळ्यांपुढं लखलखीत पिवळा पदर होता. तरी मी वाद घातला नाही. "असेलही," म्हणाले. बाईंची विद्यार्थिनी आहे मी.