काळजाच्या ठोक्याचं गाणं

गाणं लावण्याआधी ती समोरच्या बाईचं मनगट धरायची. दोन बोटं नाडीवर ठेवून क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "आधी काळीज, मंग गाणं."

उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर ती आम्हा बायकांना व्यायाम शिकवायची. माहेर अजिंठ्याकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन शहरात आलेली. तासाच्या सुरुवातीला आम्ही अभंग मागायचो. उड्या मारून छाती धपापू लागली, की आम्हीच ओरडायचो, "लावणी लावा!" ती पोट धरून हसायची. "आवड नाय बदलली बायांनो, ठोका बदललाय!" तुम्हीही एकदा जिना धावत चढून बघा, वर पोचल्यावर कुठलं गाणं आठवतं ते.

मग दुष्काळ पडला. आठवडा आठवडा नळ कोरडे. टँकरचं पाणी हंड्याहंड्यानं तीन मजले चढवल्यावर व्यायामाचं नाव कोण काढणार? गच्ची ओस पडली. शहराच्या नव्या वस्तीत जिम निघाली होती, तिथं ती नोकरीला लागली. गाणी जिमचा मालक लावायचा. दिवसभर एकच धडधड. "दमलेल्यालाबी तेच अन् ताज्यालाबी तेच," ती सांगायची. "कुणाचं काळीज कुणी इचारीतच नाय."

तिथंच एकदा ती कोसळली. हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब होती म्हणे. आता ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ती गेली त्या आठवड्यात मी तिला भेटायला तिच्या घरी गेले होते. उशांना टेकून बसली होती, पण नुसतं बसूनही धाप लागत होती. मी मोबाइलवर हळूच अभंग लावला.

"बंद कर गं. काळीज पळतंय अन् गाणं रांगतंय. लई घाबरल्यावानी होतं."

मी लावणी लावली. तिची बोटं चादरीवर हलली, ओठ हलले. मग श्वासच अडकला. तिच्या नवऱ्यानं धावत येऊन मोबाइल बंद केला.

"आता कोणतंच जमत नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बँड वाजू लागला. वरात होती. तिचा नवरा अनवाणीच खाली पळाला, हात जोडून काहीतरी बोलला. बँड थांबला. घोडा, करवल्या, म्हातारेकोतारे, सगळे खिडकीखालून मुकाट निघून गेले. नुसता चपलांचा आवाज.

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

"माझ्यापायी कुणाच्या लेकराची वरात मुकी गेली गं."