उंबऱ्यावरचं एक जादा बोट

मी निघाले त्या सकाळी कुसुम रडली नाही. दारात बैलगाडी उभी होती. नानाने, माझ्या थोरल्या भावाने, ट्रंक चढवली होती, आणि पाच वर्षांची माझी पोर वहिनीचा पदर धरून उभी होती. "आखाजीला येते, तोवर शहाण्यासारखी राहा," मी म्हटलं. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. तिने मान डोलावली. शेजारच्या बायांनी तिचं कोण कौतुक केलं. आई म्हणाली, "आता मांगे वयून पाहू नको व माय." मी पाहिलं नाही. एदलाबादकडचं आमचं गाव मागे राहिलं. भुसावळला गाडी धरली, चाळीसगावला बदलली, आणि दिवेलागणीला धुळ्यात उतरले.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. माहेरी पोटाला कमी नव्हतं, पण जन्मभर भावाच्या घरात केळी निवडत बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. धुळ्याच्या बालवाडीत ट्रेनिंग आणि नोकरी दोन्ही मिळणार होती. राहायला एका खोलीत तिघी, लेकरू आणायची मुभा नाही. माझ्यासारखंच गाव सोडून तिथे राहिलेल्या तुम्हा दोघी सख्यांना ती खोली आठवत असेल.

बालवाडीतल्या मोठ्या बाईंची रीत न्यारी होती. मुलांना आंबा काढा, झेंडा काढा म्हणायचं नाही. जुन्या वर्तमानपत्राचे ताव, गेरू, कोळसा, हळद आणि कपड्यांची नीळ पुढे ठेवायची आणि म्हणायचं, आज मनात काय आहे ते काढ. मग शेजारी बसून विचारायचं, याला काय म्हणायचं? मला आधी हा सगळा पोरखेळ वाटला. पण एकदा सिंधू नावाच्या मुलीने अख्खा ताव कोळशाने काळा केला. मी विचारलं तर म्हणाली, "हाई मन्हं रुसणं शे, बाई. कागद पुरना नही." मी तिला दुसरा ताव दिला. तोही तिने अर्धा काळा केला आणि उठून खेळायला गेली. त्या दिवसापासून मी मोठ्या बाईंची चेली झाले. राग कुठला, भीती कुठली, लाज कुठली, हे पोरं बोटाने दाखवायला लागली आणि मी फुशारले.

आखाजीच्या आठवड्यातच शाळा तपासायला साहेब येणार म्हणून चित्रांचं प्रदर्शन ठरलं. भिंतीवर चित्रं डकवायला मी थांबले. घरी कार्ड टाकलं, सुट्टी लागली की येते.

आखाजी झाल्यावर नाना अचानक धुळ्याला आला. पाणी प्यायला. मग त्याने सांगितलं. आखाजीला आपल्याकडे उंबऱ्यावर वाडवडिलांच्या नावाने कुंकवाची बोटं ओढतात. वहिनी बोटं ओढत होती, आई एकेक नाव घेत होती. कुसुमने विचारलं, हे कशाला? आई म्हणाली, "नाव घेतलं का मानूस घरी जेवाले येते." वहिनी आत वळली तशी कुसुमने करंड्यात बोट बुडवलं, शेवटच्या बोटाशेजारी आणखी एक ओढलं आणि माझं नाव घेतलं.

जितीजागती लेक मेलेल्यांच्या रांगेत पाहून आईने पोरीच्या थोबाडीत मारली. उंबरा धुतला, नारळ फोडला. "पोर रडली का?" मी विचारलं. नाना म्हणाला, "नाही ना. रडली असती तर मी कायले आलो असतो?"

मी सुट्टीची वाट पाहिली नाही. नानाबरोबरच गेले, पोरीला घेऊन आले, आणि नदीकाठच्या पेठेत खोली घेतली. कुसुम माझ्याच वर्गात बसू लागली. पुढे ताव ठेवला की ती ठिपके मांडून रांगोळी काढायची, एक रेघ वाकडी नाही. मनात काय आहे म्हटलं की "काही नाही." चाळीस लेकरांची मनं वाचणारी बाई मी, मला घरच्या लेकराचं कळेना. मी रात्रंदिवस स्वतःलाच बोल लावत राहिले.

आठ महिन्यांनी मला तीन दिवस साक्रीला जायचं होतं, तिथे नवी बालवाडी सुरू होणार होती. भर वर्गात मी तिला सांगितलं, शनिवारी येते. तिने नीळ कालवलेली वाटी माझ्या अंगावर भिरकावली. "तू खोटं बोलतेस. तू येत नाहीस. मी तुला बोलावलं तरी आली नाहीस." ती किंचाळत होती आणि चाळीस पोरं बघत होती. मोठ्या बाई धावत आल्या आणि पोरीला काही न बोलता बाकीच्यांना अंगणात घेऊन गेल्या. मी भिजलेल्या लुगड्यानिशी खाली बसले. मला लाज वाटली, वाईट वाटलं, आणि खरं सांगते, जीव भांड्यात पडला. साक्रीला मी तिला घेऊन गेले.

आता ती दहा वर्षांची आहे. चप्पल काढायच्या आधी माझ्याशी भांडते. गावी गेलो की मात्र दोघी गप्प, नीटनेटक्या, वाढलं ते खाणाऱ्या. आई म्हणते, लेक आणि नात किती गुणाच्या. तिने माझ्या पोरीला मारलं त्याचा मला अजून राग आहे, आणि त्याहून जास्त, तिने मला मागे पाहू दिलं नाही याचा. हे तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही. दरवेळी ठरवून जाते, आणि दोन दिवस पाहुणीसारखी राहून परत येते.